आल्प्समधील तपकिरी अस्वल : नामनिषेध, बंदिवास आणि नामकरण

(१)

इतिहासाच्या अभ्यासात प्राण्यांना जे स्थान मिळते ते बहुधा राजमुद्रेवर, शिकारीच्या वर्णनात किंवा जमाखर्चाच्या वह्यांत. युरोपातील तपकिरी अस्वल या तिन्ही ठिकाणी भेटते. त्याशिवाय आणखी एका ठिकाणी ते भेटते आणि तिकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. ते ठिकाण म्हणजे भाषा. ज्या समाजांनी या प्राण्याबरोबर अरण्य वाटून घेतले, ज्यांनी त्याला खड्ड्यात ठेवून पोसले आणि ज्यांनी त्याला नष्ट करून पुन्हा डोंगरांत आणून सोडले, त्या सर्वांनी त्याला वेगवेगळ्या प्रकारे हाक मारली. या हाकांचा क्रम लावून पाहिला असता मनुष्य व अस्वल यांच्या संबंधांचा एक बऱ्यापैकी सुसंगत इतिहास हाती लागतो. तो इतिहास आल्प्स पर्वताच्या परिसरापुरता मांडणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

निबंधाचे प्रतिपादन प्रारंभीच थोडक्यात सांगतो. अस्वल मुक्त व बलवान होते तेव्हा त्याचे सामान्यनामसुद्धा उच्चारण्यास लोक कचरत असत. ते बंदिवान झाले तेव्हा त्याला विशेषनाम मिळाले. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ते पुन्हा मुक्त झाले तेव्हा विशेषनाम त्याच्या पाठोपाठ अरण्यात गेले. या तिसऱ्या अवस्थेमुळे 'मुक्त' व 'बंदिस्त' हा जुना भेद डळमळीत झाला असून, आज आल्प्समध्ये अस्वलांविषयी जे वाद चालतात त्यांचे मूळ बऱ्याच अंशी येथेच आहे.

(२) नाव न घेण्याची अवस्था

अस्वलासाठी मूळ इंडो-युरोपीय भाषेत एक शब्द होता यात शंका नाही. संस्कृत ऋक्ष, अवेस्तातील अरॅश, ग्रीक आर्क्तोस, लॅटिन उर्सुस, वेल्श आर्थ आणि हित्ती हर्तग्ग ही त्याचीच रूपे मानली जातात. इतक्या दूरवर पसरलेल्या भाषांत हा शब्द टिकला, परंतु ज्या भाषा अस्वलांच्या दाट वस्तीच्या उत्तरेकडील अरण्यांत बोलल्या जात होत्या त्यांतून मात्र तो नाहीसा झाला. जर्मन, इंग्रजी व स्कँडिनेव्हियन भाषांत त्याच्या जागी जो शब्द आला त्याचा अर्थ 'तपकिरी' असा सामान्यतः केला जातो. आपल्या बभ्रु या शब्दाचा तो दूरचा आप्त होय. स्लाव्ह भाषांत 'मेद्वेद' हा शब्द आला. त्याची फोड 'मधु' आणि 'अद्' अशी असून अर्थ 'मध खाणारा'. जुन्या आयरिश भाषेत 'भला' या अर्थाच्या शब्दाने अस्वलाचा निर्देश होऊ लागला. इंडो-युरोपीय कुटुंबाबाहेरच्या फिनी भाषेतही हीच प्रवृत्ती दिसते. तेथे 'मधुर पंजावाला' यासारखी अनेक आडनावे अस्वलाला होती, आणि 'कार्हू' हा आजचा रूढ शब्दही त्याच्या राठ केसांवरून आलेला आहे, असे मानतात.

फ्रेंच भाषापंडित आंत्वान मेये यांनी १९०६ साली या साऱ्या उदाहरणांना एकत्र आणून त्यांचे कारण शब्दनिषेधात शोधले. अस्वलाचे खरे नाव घेतले तर ते ऐकेल, रागावेल अथवा समोर येऊन उभे राहील, या समजुतीपायी शिकारी त्याचे नाव टाळीत व त्याऐवजी विशेषण वापरीत. कालांतराने ते विशेषणच नाव बनले. या उपपत्तीवर आक्षेप नाहीत असे नाही. जर्मानिक शब्दाचे मूळ 'तपकिरी' या अर्थाच्या धातूत नसून 'वन्य पशू' या अर्थाच्या शब्दात असावे, असे मत अलीकडे मांडले गेले आहे. तथापि ते मान्य केले तरी मुख्य मुद्दा ढळत नाही. मूळ नाव गेले आणि त्याच्या जागी वर्णनपर शब्द आला, हे दोन्ही पक्षांना मान्यच आहे.

मराठी वाचकाला ही प्रवृत्ती समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. रात्रीच्या वेळी सापाला 'लांबडे' किंवा 'जनावर' म्हणणारा, रोगालाच 'देवी' म्हणून त्याची मनधरणी करणारा, बांगडी फुटली असता ती 'वाढवली' म्हणणारा आणि घरातून निघताना 'जातो' ऐवजी 'येतो' म्हणणारा आपला समाज या बाबतीत त्या अरण्यवासीयांच्या फार दूर नाही. आपल्याकडील शब्दांचा प्रवास मात्र थोडा निराळा आहे. संस्कृतात ऋक्ष हा शब्द टिकला. इतकेच नव्हे तर तो आकाशात गेला. सप्तर्षींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत असत असा उल्लेख शतपथ ब्राह्मणात आहे. ग्रीकांनीही त्याच तारकासमूहाला अस्वलाचेच नाव दिले आणि त्यावरून पृथ्वीच्या उत्तर टोकाचे नाव पडले. हिंदी रीछ हा ऋक्षाचाच वंशज. मराठी 'अस्वल' या शब्दाचा संबंध प्राकृत 'अच्छभल्ल' या जोडरूपाशी लावतात. त्यातील 'अच्छ' हे ऋक्षाचे प्राकृत रूप, आणि 'भल्ल' म्हणजेही अस्वल. या 'भल्ल' शब्दाचे 'भला' या अर्थाच्या प्राकृत शब्दाशी असलेले साम्य, आयरिश भाषेतील उदाहरण डोळ्यांपुढे असता, विचार करावयास लावते. ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. म्हणून येथे ते केवळ नोंदवून ठेवतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली, महाराष्ट्रातील अस्वल व युरोपातील अस्वल हे एकच प्राणी नव्हेत. आपल्या जंगलांतील मोठ्या नखांचे, वारुळे फोडून वाळवी खाणारे काळे अस्वल ही वेगळी जात; १७९१ साली जॉर्ज शॉ यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा तिला अस्वलांत न घालता 'स्लॉथ' या अमेरिकन प्राण्यांत घातले होते. तपकिरी अस्वल भारतात आढळते ते हिमालयाच्या उंच भागात. त्याला लिनीयसने १७५८ साली जे द्विपदी नाव दिले त्यातील पहिला शब्द लॅटिन व दुसरा ग्रीक असून दोहोंचा अर्थ 'अस्वल' एवढाच आहे. आल्प्समधील अस्वल व हिमालयातील तपकिरी अस्वल या एकाच जातीच्या दोन शाखा होत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नामनिषेध म्हणजे दया नव्हे. ज्या लोकांनी अस्वलाचे नाव टाळले त्यांनीच त्याची शिकार केली आणि त्याच्या कवटीची विधिपूर्वक पूजाही केली. फिनी व सैबेरियन परंपरांत शिकारीनंतर मृत अस्वलाची समजूत घालण्याचे विधी होते. आम्ही तुला मारले नाही, तू आपणहून घसरून पडलास, किंवा मारणारे दुसरेच कोणी होते, अशा अर्थाची वचने त्याला ऐकवीत असत. म्हणजे अस्वलाचे नाव जसे झाकले जाई तसे मारणाऱ्याचेही झाकले जाई. या तपशिलाकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

(३) बेर्न : खड्डा आणि मुद्रा

बंदिवासाच्या अवस्थेचा सर्वांत दीर्घ व सलग पुरावा स्वित्झर्लंडमधील बेर्न या शहरात मिळतो. हे शहर त्सेरिंगेन घराण्यातील पाचव्या बेर्टोल्डने ११९१ साली वसवले, असे परंपरा सांगते. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात कोन्राड युस्टिंगरने लिहिलेल्या बखरीत नगराच्या नावाची कथा आहे. शिकारीत जो प्राणी प्रथम मिळेल त्याचे नाव नव्या नगराला द्यावे असे ठरले व प्रथम अस्वल मिळाले, अशी ती कथा होय. नगराच्या मुद्रेवर अस्वल १२२४ पासूनच दिसते, हे लक्षात घेता कथा बखरीपेक्षा जुनी असणे शक्य आहे.

भाषेच्या अभ्यासकाला मात्र ही कथा लोकव्युत्पत्तीचा नमुना वाटते. त्सेरिंगेन घराण्याचा उत्तर इटलीतील व्हेरोना या शहराशी संबंध होता, आणि मध्ययुगीन जर्मन काव्यांत व्हेरोनाला बेर्न असेच म्हणत. म्हणून ते नाव नव्या नगराला दिले गेले असावे, असे मत दीर्घ काळ प्रचलित होते. पुढे १९८० नंतरच्या दशकात बेर्नजवळ जस्ताचा एक लहानसा लेखपट्ट सापडला. त्यावरील चार शब्दांत 'ब्रेनोदोर' हा एक शब्द आहे. या पुराव्यावरून नगराचे नाव जर्मन नसून त्याहून जुने, केल्टिक असावे, हे मत आज बळावले आहे. नगराच्या नावात अस्वल मुळात नव्हतेच. ते पुढे कानांनी ऐकले, आणि एकदा ऐकल्यावर हातांनी आणून ठेवले.

ते आणून ठेवल्याचा कागदोपत्री पहिला पुरावा १४४१ सालचा आहे. नगराने अस्वलांना खावयास ओकची फळे विकत घेतल्याची ती नोंद होय. हिशेबाची एक ओळ; परंतु तिने एवढे सिद्ध होते की त्या वर्षी बेर्नमध्ये अस्वल हा नगराच्या खर्चाचा विषय झालेला होता. १५१३ साली नोव्हाराच्या लढाईहून परतलेल्या बेर्नच्या सैनिकांनी लुटीबरोबर एक जिवंत अस्वल आणले, असे बखरकार सांगतो. त्याला ज्या जागी ठेवले तो चौक आजही 'अस्वलांचा चौक' याच नावाने ओळखला जातो. पुढे खड्ड्याची जागा अनेकदा बदलली. १७९८ साली फ्रेंच सैन्याने बेर्न जिंकले तेव्हा खजिन्याबरोबर अस्वलेही पॅरिसला नेली. जिंकलेल्या नगराचे चिन्हच पळवून नेण्याचा हा प्रकार होता. कोठल्याही किल्ल्यावरील निशाण उतरवण्यात जो अर्थ असतो तोच अर्थ त्यात होता, आणि बेर्नवासीयांनी तो तसाच घेतला. अस्वले पुन्हा मिळवणे हा त्यांनी नगराच्या प्रतिष्ठेचा प्रश्न केला.

आरे नदीच्या काठी, नायडेक पुलाशेजारी असलेला प्रसिद्ध खड्डा १८५७ सालचा आहे. दगडी बांधणीचा, गोलाकार, मध्ये चढण्यासाठी झाडाचा बुंधा आणि वर कठड्याला टेकलेले प्रेक्षक, असे त्याचे स्वरूप होते. वरून गाजरे व पाव टाकावयाचे आणि खाली अस्वलाने मागच्या पायांवर बसून पंजे जोडावयाचे, हा तेथील नित्यक्रम बनला. मोकळे तपकिरी अस्वल हिवाळ्याचे कित्येक महिने गुहेत निद्रिस्त असते. ज्याला बारमाही खाणे मिळते त्याची ही निद्रा तुटक होते किंवा उरतच नाही. मोकळा नर शेकडो चौरस किलोमीटर प्रदेश हिंडतो; त्या हिंडण्याची जागा खड्ड्यात भिंतीलगतच्या त्याच त्या फेऱ्यांनी घेतली.

या अवस्थेत भाषेत काय घडले ते पाहू. बेर्नच्या बोलीत अस्वलाला 'मुत्स' म्हणतात. 'बुटका, आखूड' अशा अर्थाचा हा लाडका शब्द होय. वर्णनाने नाव घेण्याची रीत तीच, परंतु तिच्यातील भय गेले होते. फ्रान्समध्ये अस्वलाला 'मार्तँ' व रशियात 'मिशा' अशी माणसांची नावे रूढ झाली. आपल्याकडे दरवेशी अस्वलाला दोरीने धरून गावोगाव नाचवीत असे. त्याच्या अस्वलालाही नाव असे. जंगलातील अस्वलाला असे नाव कोणी दिल्याचे ऐकिवात नाही. विशेषनाम हे हाक मारण्यासाठी असते, आणि हाक त्यालाच मारता येते ज्याला यावेच लागते.

मराठीत लिहिताना हा फरक लेखणीच्या टोकाशीच येऊन उभा राहतो. अस्वल हा आपल्याकडे नपुंसकलिंगी शब्द. 'ते अस्वल' डोंगरात राहते. परंतु त्याला नाव मिळाले की व्याकरण बदलते आणि 'तो' किंवा 'ती' म्हणावे लागते. प्रस्तुत निबंधात पुढे हे सर्वनाम बदललेले दिसेल. तो लेखकाच्या भावनेचा परिणाम नसून नामकरणाचा आहे.

आता बेर्नच्या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट. ज्या काळात नगर आपल्या खड्ड्यात अस्वले सांभाळीत होते त्याच काळात देशातील मुक्त अस्वले संपत होती. जंगलतोड, कुरणांचा विस्तार, मारणाऱ्याला मिळणारे इनाम आणि सुधारलेल्या बंदुका ही कारणे सर्वत्र सारखीच होती. स्वित्झर्लंडमधील अखेरचे रानटी अस्वल १ सप्टेंबर १९०४ रोजी एंगाडीनच्या खोऱ्यात दोघा शिकाऱ्यांनी मारले. म्हणजे १९०४ नंतर शंभर वर्षे स्वित्झर्लंडमध्ये अस्वल होते ते ध्वजावर, मुद्रेवर व खड्ड्यात. चिन्ह जिवंत राहिले, परंतु ज्याचे ते चिन्ह तो प्राणी राहिला नाही. येथे चिन्हाने प्राण्याचा बळी घेतला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु डोळ्यांपुढे रोज अस्वल दिसत असल्यामुळे अरण्यातील अस्वलाचा अभाव जाणवला नाही, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

खड्ड्याचा शेवट २००९ साली झाला. त्यातील अखेरचा रहिवासी पेद्रो याला वार्धक्यातील व्याधींमुळे एप्रिलमध्ये मरण देण्यात आले, आणि ऑक्टोबरमध्ये नदीच्या उतारावर सुमारे ६,००० चौरस मीटरचे नवे मोकळे आवार उघडले. तेथे फिन व ब्यर्क ही जोडी आली. 'ब्यर्क' या शब्दाचा अर्थ अस्वल नसून 'भूर्जवृक्ष' आहे. पण ज्या नगराने एका केल्टिक शब्दात अस्वल ऐकले त्याला हेही नाव शोभलेच. उद्घाटनानंतर महिन्याभरातच एक मनुष्य आवारात उतरला, फिनने त्याला धरले, आणि पोलिसांनी गोळी झाडून फिनला जखमी केले. मनुष्य व अस्वल दोघेही वाचले. जखमी अस्वलाबद्दल नगरात व बाहेर फार मोठी सहानुभूती व्यक्त झाली. त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेल्या दोन पिल्लांना उर्सिना व बेर्ना अशी नावे मिळाली : एक लॅटिन अस्वलावरून, दुसरे नगरावरून. अशा रीतीने वर्तुळ पूर्ण झाले. अस्वलावरून नगराला नाव मिळाल्याची कथा होती. आता नगरावरून अस्वलाला नाव मिळाले.

(४) त्रेंतिनो व बव्हेरिया : क्रमांक घेऊन फिरणारी अस्वले

तिसरी अवस्था आल्प्सच्या दक्षिण उतारावर, इटलीच्या त्रेंतिनो प्रांतात सुरू झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे मोजकीच अस्वले शिल्लक होती. ही शाखा नष्ट होऊ नये म्हणून युरोपीय संघाच्या साहाय्याने एक योजना आखण्यात आली, आणि १९९९ ते २००२ या काळात स्लोव्हेनियातून दहा अस्वले आणून आदामेल्लो-ब्रेंता निसर्गोद्यानात सोडण्यात आली. त्यांत तीन नर व सात माद्या होत्या. ही दहाही अस्वले रानातच पकडलेली होती. खड्ड्याशी वा पिंजऱ्याशी त्यांचा पूर्वी काही संबंध नव्हता. परंतु सोडण्यापूर्वी प्रत्येकाला नाव देण्यात आले. मासुन, किर्का, दानित्सा, योझे, इर्मा, युर्का, विदा, गास्पर, ब्रेंता व माया अशी ती नावे. नावाबरोबर रेडिओयंत्र आले व जनुकीय नोंद आली. पिल्ले झाली तेव्हा त्यांना आईबापांच्या आद्याक्षरांचे संकेत मिळाले. युर्का व योझे यांची पिल्ले म्हणून 'जेजे', आणि त्यापुढे अनुक्रमांक. पुढे ही पद्धत बदलून नराला 'एम' व मादीला 'एफ' आणि क्रमांक, अशी सुटसुटीत नोंद सुरू झाली.

योजना जीवशास्त्राच्या दृष्टीने यशस्वी झाली. दहांची संख्या दोन दशकांत शंभरच्या आसपास पोचली. नरांनी सीमा ओलांडल्या. २००५ साली जेजे-२ स्वित्झर्लंडमध्ये गेला आणि दीर्घ काळानंतर त्या देशात मुक्त अस्वल दिसले. मे २०१७ मध्ये तर खुद्द बेर्न कँटनमध्ये रानटी अस्वलाचे छायाचित्र घेतले गेले. सुमारे दोनशे वर्षांत तेथे असे अस्वल आलेले नव्हते. ज्याचे चित्र ध्वजावर त्याच प्राण्याच्या आगमनाची बातमी व्हावी, हा योगायोग नव्हे. त्यामागे १९०४ पर्यंतचा सारा इतिहास आहे.

यांपैकी सर्वांत गाजलेले चरित्र जेजे-१ याचे. मे २००६ मध्ये तो ऑस्ट्रियामार्गे बव्हेरियात आला. बव्हेरियात अखेरचे अस्वल १८३५ साली मारले गेले होते. त्यामुळे प्रारंभी पर्यावरणमंत्र्यांनी त्याचे स्वागत केले. पण तो मेंढ्या, कोंबड्या व मधमाश्यांची पोळी यांसाठी वस्तीत शिरू लागला तेव्हा सरकारचा सूर पालटला. मुख्यमंत्री एडमुंड स्टॉयबर यांनी या निमित्ताने अस्वलांचे वर्गीकरणच करून दाखवले : सामान्य अस्वल, उपद्रवी अस्वल व समस्या-अस्वल. यांतील शेवटचा शब्द जर्मन भाषेत रूढ झाला व माणसांनाही लावला जाऊ लागला. जिवंत धरण्यासाठी फिनलंडहून कुत्री व शिकारी बोलावण्यात आले. ते रिकाम्या हातांनी परतले. २६ जून २००६ च्या पहाटे श्पिट्सिंग तळ्याच्या परिसरात त्याला गोळी घालण्यात आली. त्याची भरलेली कातडी म्यूनिकच्या निसर्गेतिहास संग्रहालयात ठेवण्यात आली.

वृत्तपत्रांनी जेजे-१ ला जे नाव दिले ते 'ब्रूनो'. माणसाचे म्हणून परिचित असलेल्या या नावाचा मूळ अर्थ आहे 'तपकिरी'. मध्ययुगातील डच कोल्हा-काव्यातील अस्वलाचे नाव 'ब्रून', तेही त्याच अर्थाचे. अरण्यातील शिकाऱ्याने भयापोटी जो शब्द वापरला तोच शब्द फार मोठ्या कालावधीनंतर वार्ताहरांनी लोभाने वापरला. शब्द तोच, परंतु त्याचे कार्य नेमके उलटे झाले. पहिल्या 'तपकिरी'ने अस्वलाला लपवले. दुसऱ्याने त्याला चव्हाट्यावर आणले. आणखीही एक गोष्ट येथे ध्यानात येते. ज्यांनी गोळी झाडली त्यांची नावे सरकारने गुप्त ठेवली, कारण त्यांना धमक्या येत होत्या. अस्वलाचे नाव सर्वांना ठाऊक आणि मारणाऱ्याचे कोणालाच नाही. मृत अस्वलापुढे आपली ओळख लपवणाऱ्या फिनी शिकाऱ्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच की त्यांना भय होते ते अस्वलाच्या आत्म्याचे. यांना होते ते अस्वलाच्या चाहत्यांचे.

(५) नावाची किंमत

ब्रूनोचे प्रकरण अपवादात्मक नव्हते. त्याची आई युर्का हिला २००७ साली पकडून कुंपणात ठेवण्यात आले, आणि २०१० साली जर्मनीतील कृष्णारण्याच्या प्राणी-उद्यानात हलवण्यात आले. रानात जन्मलेली, बंदिस्त प्रवासाने आलेली, रानात सोडलेली आणि पुन्हा बंदिवान झालेली युर्का मुक्त होती की बंदिस्त, या प्रश्नाला तिच्या चरित्रात एक उत्तर नाही. मूळच्या दहांपैकी दानित्सा हिने २०१४ साली पिल्लांसह असताना एका मनुष्यावर हल्ला केला. तिला पकडताना दिलेल्या गुंगीच्या औषधाने ती मेली. एम-४९ हा नर जुलै २०१९ मध्ये पकडला गेला आणि विजेची कुंपणे ओलांडून त्याच दिवशी पळाला. एप्रिल २०२० मध्ये पुन्हा पकडला, जुलैत पुन्हा निसटला, सप्टेंबरात तिसऱ्यांदा सापडला. तुरुंगातून पळणाऱ्या प्रसिद्ध फ्रेंच कैद्यावरून त्याला 'पापियाँ' हे टोपणनाव मिळाले. क्रमांकाने त्याला कैदी केले होतेच. टोपणनावाने त्याला कैद्यांचा नायक केले.

एप्रिल २०२३ मध्ये मात्र ही कथा खेळीमेळीची राहिली नाही. त्रेंतिनोतील सोले खोऱ्यात जंगलात धावावयास गेलेला एक तरुण अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू पावला. आधुनिक इटलीतील ही पहिली नोंदलेली घटना होय. जनुकीय परीक्षेत हल्लेखोर जेजे-४ ठरली. ब्रूनोची ती धाकटी बहीण. 'गाया' हे तिचे दुसरे नाव. तिला काही दिवसांतच पकडण्यात आले. तिला मारावे की नाही यावर न्यायालयांत व रस्त्यांवर दीर्घ वाद झाला. एका बाजूला मुलगा गमावलेले कुटुंब व रानात जाण्यास भिणारी गावे होती; दुसऱ्या बाजूला असंख्य लोक होते, ज्यांना ती केवळ नावाने ठाऊक होती. दूरच्या नगरातील सहानुभूती व जवळच्या गावातील भय यांतील ही दरी आपल्याकडे वाघ-बिबट्यांच्या प्रदेशात राहणाऱ्यांना अपरिचित नाही.

या सर्व प्रकरणांत नामकरणाचा परिणाम दुहेरी झालेला दिसतो. नावामुळे प्राणी व्यक्ती झाला. व्यक्तीविषयी लोभ वाटतो, तिच्यासाठी लोक रस्त्यावर येतात; जातीसाठी सहसा येत नाहीत. पण व्यक्तीवर आरोपही ठेवता येतो. 'समस्या-अस्वल' ही संकल्पनाच मुळी प्रत्येक अस्वल वेगळे ओळखता आल्यावाचून संभवत नाही. १९०४ साली मारले गेले ते केवळ 'अस्वल' होते. ते अपराधी नव्हते, वैरी होते. २००६ नंतर मारली वा पकडली गेली ती अस्वले अपराधी होती. त्यांच्यापाशी पूर्वेतिहास होता, नोंदवही होती, जणू वकीलही होते. पूर्वी माणसाचे व अस्वलाचे वैर संपूर्ण जातीशी होते, म्हणून जात संपली. आज निवाडा व्यक्तीपुरता होतो, म्हणून जात टिकते. क्रमांक ही त्या टिकण्याची किंमत आहे, हे मान्य केले पाहिजे. नोंदीशिवाय, जनुकीय परीक्षेशिवाय २०२३ साली दोषी अस्वल निश्चित करता आले नसते, आणि मग सूड सर्वांवरच उगवला गेला असता.

तथापि क्रमांक व नाव यांत भेद करावयास हवा. क्रमांक ही नोंद आहे. तो प्राण्याला हाक मारीत नाही. 'ब्रूनो', 'गाया', 'पापियाँ' ही नावे हाक मारतात, आणि आपण हाक मारली म्हणजे समोरचा आपल्या ओळखीचा, अशी समजूत नकळत रुजते. खड्ड्याच्या कठड्यावरून गाजर टाकणाऱ्या प्रेक्षकाला तीच ओळख वाटत होती. त्या दृष्टीने पाहता खड्ड्याची भिंत २००९ साली पाडली गेली नाही. तिचा घेर वाढून तिने अख्खा डोंगर आपल्यात घेतला, आणि प्रेक्षक मात्र कठड्याशी उभेच राहिले.

(६) समारोप

उपर्युक्त विवेचनावरून इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यावयाची सूचना साधी आहे. साधनांत प्राण्याचा उल्लेख येतो तेव्हा तो सामान्यनामाने, वर्णनाने, विशेषनामाने की क्रमांकाने आला आहे हे तपासावे. नावाचा प्रकार हा सजावटीचा भाग नसून संबंधाचा पुरावा असतो. १४४१ ची हिशेबातील ओळ, १९०४ चे निनावी अस्वल आणि २००६ चा ब्रूनो ही एकाच प्राण्याविषयीची तीन साधने नव्हेत. ती तीन वेगळ्या नात्यांची साधने होत.

व्यवहाराच्या दृष्टीनेही या इतिहासाला काही सांगावयाचे आहे. नाव न घेणारे शिकारी अस्वलाविषयी दयाळू नव्हते. परंतु एक गोष्ट त्यांना कळत होती, ती म्हणजे अस्वलाचे ऐकणे व बोलावणे आपल्या हाती नाही. नाव देणाऱ्या युगाला अस्वलाविषयी कितीतरी अधिक ज्ञान आहे आणि त्याच्याविषयी करुणाही आहे. पण हे भान मात्र सुटत चालले आहे. अरण्यातील अस्वलाला लागणारे क्षेत्र किलोमीटरांत मोजता येते आणि ते देण्याची योजनाही आखता येते. त्याला लागणारे अंतर मात्र मोजण्याच्या पलीकडचे असून ते भाषेतही राखावे लागते. ज्या डोंगरात काही अस्वले नोंदलेली असतील पण नावाने हाक मारली जाणार नाहीत, जी वृत्तपत्रांच्या लेखी केवळ 'ते' राहतील, त्याच डोंगरात अस्वल परतले असे म्हणता येईल.